परातभर मलिदा आणि नऊ रब्बी

माणसाला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं तर त्यानं शेजारी पेढे द्यावेत आणि गप्प बसावं. मी आईला फोन केला. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

"कितव्यांदा?" आईनं ठाण्याहून विचारलं.

"आठव्यांदा."

"मग नबी पावला! पाचव्यांदा नापास झालास ना, तेव्हाच मी मलिद्याचा नवस बोलून ठेवला होता. तुझ्याच घरी करायचा, तिथंच. तिकीट काढ माझं."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव आष्टमकर, आमटीत कोकम, देव एक. सुखदुःखात हाक मारायची ती एलियाहू हन्नाबीला. हा आमचा प्रेषित अग्नीच्या रथात बसून सदेह आकाशात गेला, आणि जाताना त्याच्या रथाची चाकं अलिबागजवळच्या एका कातळावर घासली, अशी आमची श्रद्धा. आईचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं घोड्यांसकट रथ कातळावरून उचलला, त्याला माझी पॅरलल पार्किंग काय जड?

आई व्हिजिट व्हिसावर आली. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी धुऊन विमानतळावर उभा. पांढरी गाडी, सेकंडहँड खरी, पण शारजाच्या धुळीत सगळ्याच गाड्या सेकंडहँड दिसतात. मी दार उघडलं. आईनं गाडीला नमस्कार केला आणि दोन पावलं मागं सरकली.

"नवस फिटेपर्यंत मी हिच्यात पाय ठेवणार नाही."

"अगं, लायसन्स मिळालंय!"

"मिळालं नाही, त्यानं दिलंय. त्याचं त्याला पोचलं की मग बसेन."

शेवटी बॅगा माझ्या गाडीतून आल्या आणि आई टॅक्सीतून. मी टॅक्सीच्या मागं मागं. दुबई-शारजा रस्त्यावर संध्याकाळी जी गर्दी असते तिच्यात टॅक्सीवाल्यानं मला चुकवलं, आणि मी घरी पोचलो तेव्हा आई चहा पिऊन समोरच्या फ्लॅटमधल्या मनोरमावहिनींशी माझ्या लहानपणीच्या गोवराबद्दल बोलत होती.

पुढचा सगळा मुक्काम असाच. आई बर दुबईला अब्रात, म्हणजे खाडीतल्या होडीत बसली, मीना बाजारात साड्या बघितल्या, सगळं उल्हासरावांच्या गाडीतून. उल्हासराव म्हणजे मनोरमावहिनींचे यजमान, मूळचे पुण्याचे, एका बँकेत कम्प्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते बघायला. ते माझ्यासमोर आईसाठी दार उघडायचे आणि म्हणायचे, "या काकू, सेफ गाडी आहे." ह्या 'सेफ'वर ते किंचित थांबायचे. पोटच्या पोरानं गाडी घ्यावी आणि माऊलीनं परक्याच्या गाडीत बसून त्याला हात हलवावा, ह्यासारखं दुःख नाही. माझी मुलगी रोनित म्हणायची, "पपा, इट्स जस्ट अ कार." तिला काय कळणार! ती पहिल्याच टेस्टला पास झाली होती.

आई सोमवारी परत जाणार होती. तेव्हा आधीच्या रविवारी मलिदा करायचा आणि त्याच संध्याकाळी तिला खोर फक्कानला, डोंगरातून समुद्रापर्यंत, माझ्या गाडीतून न्यायचं, असं मी मनात पक्कं केलं.

मलिद्याला लागतं काय? भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ, वेलची, वर सुका मेवा, पाच प्रकारची फळं, आणि दहा पुरुष; त्याशिवाय आमची प्रार्थना होत नाही. पोहे, नारळ शारजात पायलीला पन्नास. पुरुषांचं अवघड. ठाण्यात सिनॅगॉगच्या पायरीवर उभं राहून खाकरलं तरी दहा जण जमतात, त्यातला एखादा हझ्झानकाका असतो, तो प्रार्थना चालवतो, खलास. इथं मी धरून एक.

डिसेंबरात दुबईतल्या एका हनुक्काच्या, आमच्या दिव्यांच्या सणाच्या कार्यक्रमाला मी बायकोबरोबर गेलो होतो. मिल्का जरा बिचकूनच आली होती. आमच्यात रब्बी म्हणजे शिकलेला, मोठा धर्मगुरू. आमच्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हताच. लहानपणी एकदा परदेशातून एक आले होते, तर आम्हा पोरांना धुतलेल्या सदऱ्यात रांगेनं उभं केलं होतं आणि एकाला तर उन्हानं भोवळ आली होती. इतकं ते अप्रूप. आणि इथं पाहतो तर काय! दारात एकजण पार्किंगवरून हुज्जत घालत होता, त्याला कुणीतरी हाक मारली, "रब्बी, जाऊ दे." काबुली चण्यांचं भांडं घेऊन जाणाऱ्याला म्हणाले, "रब्बी, मीठ कमी आहे." पलीकडं दोघं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते, "काय रब्बी?" "काय म्हणता रब्बी?" मिल्का माझ्या कानाशी लागली, "अहो, एवढे रब्बी एकाच हॉलमध्ये! पदर घेऊ का?"

आता मला सांगा, मी मराठी माणूस. आमच्याकडं कपडे शिवणारा मास्तर, गोळ्या बांधून देणारा डॉक्टर, बिल्डिंगचा सेक्रेटरी साहेब, आणि दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक जण शेठ. इथं गल्फमध्ये तर कोपऱ्यावरच्या बकालाचा, किराण्याच्या दुकानाचा मालक मला कित्येक वर्षं 'मुदीर', म्हणजे मॅनेजर म्हणतोय, आणि मी आमच्या शिपिंग कंपनीत असिस्टंटचा सीनियर असिस्टंट झालो तेवढंच. तेव्हा ह्या रब्बीपणात थट्टेचा वाटा किती ते मी ओळखायला हवं होतं. पण मान द्यायचा म्हटलं की मराठी माणसाची अक्कल आधी पायताण काढून बाहेर ठेवते.

त्या कार्यक्रमात ओळख झाली होती ती सॉलशी. हा मूळचा अर्जेंटिनाचा. हॉटेलांच्या मुदपाकखान्यात जाऊन जेवण ज्यूंना चालेल असं आहे की नाही ते तपासतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मी नंबर पाठवतो, तू सगळ्यांना बोलाव."

नंबर आले. आता नुसती नावं लिहून मेसेज कसा पाठवायचा? आईला विचारलं. तिनं चष्मा काढला. "तुझ्या शांताराममामाच्या... म्हणजे सिनॅगॉगातल्या शालोममामाच्या लग्नपत्रिकेत एका चुलत्याचं 'श्रीमान' राहिलं होतं. तो जेवायला आला नाही. त्याची पोरंही आली नाहीत. आता नातवंडंसुद्धा आपल्याला बघून रस्ता ओलांडतात. मान जास्त झाला तर कुणी मरत नाही, निस्सीम. कमी झाला तर पिढ्या जातात."

म्हणून मी प्रत्येक नावापुढं 'रब्बी' लावलं. सगळ्यांच्या. रब्बी सॉल, रब्बी गॅब्रिएल, रब्बी लिओन, असे नऊच्या नऊ. एकाच ग्रुपवर. सगळ्यांचे होकार आले, आणि काय अदबीचे! एकानं तर उत्तरात मलाच 'रब्बी' म्हटलं. मला संकोच वाटला, पण वाईट वाटलं असं म्हणवत नाही.

आता जागा. आमच्या हॉलमध्ये सोफा ठेवला की दार उघडत नाही. बिल्डिंगच्या गच्चीवर पार्टी रूम आहे. ती मिळवायला मॅनेजमेंट ऑफिसात गेलो. तिथं शाजी बसतो. सज्जन माणूस, पण प्रत्येक वाक्य मॅनेजमेंटच्या वतीनं बोलतो.

"गेस्ट कौन है, सर?"

"नऊ रब्बी," मी छाती पुढं काढून म्हणालो.

"रब्बी मतलब?"

"धर्मगुरू."

शाजीनं पेन खाली ठेवलं. "नौ धर्मगुरू? एक साथ? सर, ये पार्टी नहीं है, ये तो कॉन्फरन्स है. पार्टी रूम में कॉन्फरन्स अलाउड नहीं है."

"अरे, पोहे खायला येताहेत!"

"कॉन्फरन्स में भी स्नॅक्स होता है, सर."

दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाला, वर विचारलंय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, वरच्यांनी त्यांच्या वर विचारलंय. मी म्हटलं, कधी कळेल? म्हणाला, "इन्शाल्ला." हा शब्द किती गोड, आणि ऑफिसच्या काउंटरवर किती कडू!

शेजारधर्म जागा झाला. उल्हासराव म्हणाले, "आमच्याकडं रब्बी म्हणजे गहू आणि हरभरा. तुम्ही सांगायचं, ॲग्रिकल्चरचं काही आहे." आणि स्वतःच हसले. मनोरमावहिनींनी त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. "भाऊजी, काकूंचा बर्थडे म्हणा. आईच्या वाढदिवसाला कुठलं मॅनेजमेंट नाही म्हणतंय?"

"अहो, पण ती जन्मली श्रावणात!"

"आम्ही बोलवलंय का श्रावणाला?"

खालच्या मजल्यावरच्या मैमुनाबी, श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमान, तोपर्यंत आईच्या जिवाभावाच्या झाल्या होत्या. त्या आईला म्हणाल्या, "मलिदो तर आमच्यातय करतत. हन्नाबाई, पोहे माझ्याकडसून. पण पोहे थांबनत नाय हां बाबा. भिजवले का अर्ध्या तासात पोटात गेले पायजेत, नायतर गोळो होतोय." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

वाढदिवस म्हटल्याबरोबर पार्टी रूम मिळाली.

रविवारी दुपारी वर गेलो तर दारात फुग्यांची कमान. गुलाबी आणि सोनेरी. भिंतीवर चमकत्या अक्षरांत 'हॅपी बर्थडे हन्ना'. शाजीनं मॅनेजमेंटच्या वतीनं, फुकट. आई कमानीखाली उभी राहिली, निळी इरकली, डोक्यावर पदर, हातात काठी. म्हणाली, "शोभतंय की!"

एकेक करून मंडळी आली. वारा असा की फुगे एकमेकांवर आपटत होते आणि प्रत्येक पाहुणा आत शिरताना एक गुलाबी फुगा नाकावर घेऊनच शिरत होता. सगळे काळ्या सुटात. गॅब्रिएलची दाढी तर अशी, की तिच्यामागं तो कुठं संपतो ते कळू नये. म्हातारे लिओन, मूळचे फ्रान्समधल्या मार्सेचे, टाय लावून आले होते. जो तो आत येई, इतरांना बघे, आणि हात छातीवर ठेवून वाके. "रब्बी." "रब्बी." "रब्बी." खोलीत पारवे घुमावेत तसं झालं.

मिल्कानं पोहे भिजवले. मैमुनाबींनी नारळ खवला, गूळ किसला. परात टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर आली. केळी, सफरचंदं, डाळिंब, पेरू आणि इथले मधासारखे खजूर. शारजात दारू चालत नाही, पण आईला त्याचं काय! आमच्याकडं वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबतच असतं पिढ्यान्‌पिढ्या. वासासाठी ठेवायची सब्जाची जुडी तेवढी मिळाली नाही, पुदिना ठेवला. सगळे परातीभोवती उभे राहिले.

आणि कुणीच सुरुवात करेना.

मी सॉलकडं बघून म्हटलं, "रब्बी, आपण."

सॉल गॅब्रिएलकडं वळला, "रब्बी असताना मी कसा?"

गॅब्रिएल लिओनकडं वळला, "वयानं मोठे रब्बी इथं असताना?"

लिओननी पलीकडच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला, "आता तरुण रब्बींनी पुढं यायचं."

तरुण लालेलाल. त्यानं शेजारच्याला पुढं केलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. अशी एक फेरी झाली. मग दुसरी, उलट्या दिशेनं. लग्नात 'आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही बसा' म्हणत अख्खी पंगत उभी राहते ना, तसं. इकडं परातीतले पोहे फुगत होते. मैमुनाबी परातीकडं बघून मान हलवत होत्या. उल्हासराव माझ्या कानात म्हणाले, "आष्टमकर, क्वोरम आहे, चेअरमन नाही."

तेवढ्यात केक आला. मॅनेजमेंटच्या वतीनं. शाजी स्वतः घेऊन आला, मेणबत्तीसकट. कुणालातरी काहीतरी सुरू करण्याची संधी मिळाली एवढं पुरे झालं. नऊ काळे सूट एका सुरात 'हॅपी बर्थडे' म्हणाले. त्यांच्या तोंडावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. आईनं मेणबत्ती विझवली, केकचा तुकडा शाजीच्या तोंडात घातला, आणि मग काठी जमिनीवर आपटली.

"रोनित, ह्यांना विचार. ह्यांच्यातला खरा रब्बी कोण?"

"आजी, दॅट्स सो रूड!"

"विचार म्हणते ना!"

रोनितनं विचारलं.

सॉलनं आधी घसा साफ केला. "मी फक्त किचन तपासतो. शेफ लोक मला रब्बी म्हणतात. आधी मी सांगायचो, मी रब्बी नाही. मग कंटाळलो. तसं म्हटलं की फ्रिज लवकर उघडतात."

लिओन म्हणाले, "माझे आजोबा होते. मी दातांचा डॉक्टर आहे."

तरुण म्हणाला, "मी ऑनलाइन हिब्रू शिकवतो. तुमचा मेसेज आला तेव्हा मी नाही म्हणणार होतो. पण आईला दाखवला. ती रडली."

एकजण लिफ्टचा इंजिनियर निघाला, एकाचं पर्फ्यूमचं दुकान, तिघं तर म्हणाले की आम्ही मित्र आहोत, थट्टेत एकमेकांना म्हणतो तेवढंच. शेवटी सगळ्यांची नजर गॅब्रिएलच्या दाढीवर जाऊन थांबली. एवढी दाढी तरी फुकट जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटत होतं.

"मी पोहण्याच्या तलावांचे पंप विकतो," गॅब्रिएल हळूच म्हणाला. "दाढी केली की मला रॅश येतो."

मी खुर्ची शोधत होतो. तेवढ्यात तोच म्हणाला, "पण रब्बी तर आपण आहात ना, मिस्टर आष्टमकर? नऊ रब्बींना एका मेसेजमध्ये बोलावणारा माणूस म्हणजे मोठाच रब्बी असणार. आम्ही सगळे त्या धाकानं आलो. मी तर नवा सूट शिवला."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडं आदरानं पाहिलं. क्षणभर, खरं सांगतो, अगदी क्षणभर, तो आदर माझ्या अंगाला बसला. पण आईनं विचारलंच, "काय म्हणतोय तो?" रोनितनं भाषांतर केलं.

"हा? रब्बी?" आईला हसू आवरेना. "अरे, ह्याला सात वेळा लायसन्स नाकारलंय! आठव्यांदा मिळालं, तेही नबीनं हात धरला म्हणून! म्हणून तर पोहे भिजवलेत!"

रोनितनं एकही आकडा न गाळता तेही भाषांतर केलं. नऊ माणसं हसली. उल्हासराव सगळ्यांत जास्त. शाजीसुद्धा, मॅनेजमेंटच्या वतीनं. माझे कान तापले. ज्या गोष्टीची वाच्यता मी ऑफिसात होऊ दिली नव्हती, ती आता पाच देशांत पोचली होती.

हसणं ओसरलं तशी आई म्हणाली, "बरं झालं बाई, कुणीच नाही ते. मला आपली धास्ती होती, रब्बी आले की आमची चाल चुकीची ठरवतील. आमच्या गावात तेलाच्या घाण्या होत्या, नारळ होते, समुद्र होता. रब्बी नव्हता. मलिदा कधी राहिला नाही. ज्याला येईल त्यानं म्हणायचं. निस्सीम, पुढं हो."

"आई, मला नीट येत नाही."

"मलाही शब्द नीट येत नाहीत. चाल येते. मी चाल धरते, तू शब्द धर."

आणि तिनं चाल धरली. मोटेच्या पाण्यासारखी, थांबत थांबत येणारी, कोकणातली चाल. मी लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली. माझा आवाज पहिल्या ओळीलाच फाटला. दुसरीला सॉलनं टेबलावर बोटांनी ठेका धरला. हिब्रू शब्द त्यांच्याही ओळखीचे, चाल मात्र अनोळखी; ते चाचपडत, अडखळत मागं येत राहिले, आणि तिसऱ्या कडव्याला लिओनचा घोगरा आवाज असा बेमालूम मिसळला, जणू त्यांच्या आजोबांचं गलबत कधीतरी रेवदंड्याला लागलं होतं. फळांवरचे आशीर्वाद मग एकेकानं म्हटले. खजुरावर गॅब्रिएलनं, केळ्यावर त्या हिब्रूच्या तरुण मास्तरानं, ज्याच्या त्याच्या मुलखाच्या सुरात. उल्हासराव सवयीनं भजनासारख्या टाळ्या वाजवत होते, आणि कुणालाच त्या वावग्या वाटत नव्हत्या.

शेवटी आईनं, कुणी सांगितलं नसताना, एक ओवी म्हटली. ती कुठं लिहिलेली नाही. तिनं तिथंच जुळवली.

*वाळूच्या गं देशी*
*लेक माझा एकटा,*
*नव्या गाडीवर त्याच्या*
*नबीचा गं हात मोठा.*

*पोहे भिजले परातीत,*
*दर्यापारचे आले भाऊ,*
*कुणी धाकला ना थोरला,*
*एका ताटामंदी जेवू.*

पोह्यांचा अर्थातच गोळा झाला होता. मैमुनाबींनी तो बोटांनी मोकळा केला, नारळाचं दूध शिंपडलं आणि म्हणाल्या, "लाडू म्हनून खावा." नऊही जणांनी दोन-दोनदा मागून घेतला. जाताना कुणी कुणाला रब्बी म्हटलं नाही. लिओननी मात्र जाता जाता माझी दाढ बघितली आणि सांगितलं, ही काढावी लागेल.

चार वाजता आई खाली उतरली. गाडीपाशी आली, दार मी उघडायच्या आत तिनं स्वतः उघडलं आणि पुढच्या सीटवर बसली. तिला पट्टा लावायला मी वाकलो, तर तो खटक्यात बसायला तीन खेपा लागल्या.

"टेस्टला असंच करायचास का?" ती म्हणाली.

"हो."

"मग त्यांचं काय चुकलं?"

मिल्का आणि रोनित मागं बसल्या. गेटपाशी सगळी मंडळी उभी होती आणि गाडी बाहेर काढायला मला पाच भाषांत सूचना देत होती. मी एकही ऐकली नाही. गाडी निघाली. मोठ्या रस्त्याला लागलो. डावीकडं वाळू, उजवीकडं वाळू, मध्ये कंटेनरांचे ट्रेलर.

"आई, आता थोड्या वेळात डोंगर लागतील बरं का. मग बोगदे. मग समुद्र. तू बघच—"

शेजारी काचेवर काहीतरी टक्कन वाजलं. घाबरून बघितलं. आई झोपली होती. मान खिडकीकडं कललेली, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल. उल्हासरावांच्या गाडीत ती अख्ख्या मुक्कामात दाराच्या मुठीला घट्ट धरून बसायची, हे मनोरमावहिनींनी मला निरोप घेताना सांगितलं होतं.

मी गाडीचा वेग कमी केला. मागचा ट्रेलर हॉर्न द्यायला लागला. मग त्याच्या मागचा. मी काच वर केली आणि बाजूच्या लेनमध्ये सरकलो, इंडिकेटर देऊन, आरसा बघून. डोंगर आले, गेले. बोगदे आले, गेले. खोर फक्कानला समुद्र लागला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.

"अहो, उठवा ना त्यांना," मिल्का मागून कुजबुजली. "समुद्र दाखवायचा होता ना तुम्हाला?"

"समुद्र आहे तिथंच आहे," मी म्हटलं, आणि किनाऱ्याचा रस्ता संपला तिथं गाडी वळवून पुन्हा पहिल्या टोकाकडं निघालो.